लूर्दचं गणित चमत्काराने सुटत नाही

दर सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर मोत माऊलीची, म्हणजे मरियामातेची, जत्रा भरली की तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू विचारते, मेणाचा पाय वाहून खरा पाय बरा होत असेल तर हाडांचे दवाखाने हवेत कशाला? दुसरी बाजू उत्तरादाखल मरियामातेच्या दर्शनाने गाजलेल्या लूर्द, फातिमा, वेलांकणीच्या चमत्कारांचे पाढे म्हणू लागते. मध्येच एखादे प्रॉटेस्टंट बंधू उभे राहतात आणि हे सगळं पवित्र शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणतात. तिघांचं आपसात पटत नाही, पण एका गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे: लोक जातात ते चमत्कार पदरात पाडून घ्यायला, आणि म्हणून मरियामातेचं दर्शन खरं ठरलं तर यात्रा खरी, ते खोटं ठरलं की यात्राही खोटी. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. चमत्काराच्या बातमीने लोकांना वाट दाखवली असेल. त्या वाटेवरची गर्दी पिढ्यान् पिढ्या टिकली ती मात्र वेगळ्या कारणाने. तिथे आजारी, गरीब, अडाणी माणसाला पहिला मान आहे, आणि हा मान त्याला त्याच्या गावच्या देवळात मिळतोच असं नाही.

आधी हिशेब करू. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या लूर्दला १८५८ पासून आजवर कोट्यवधी माणसं जाऊन आली. बरं झाल्याचे दावे नोंदले गेले सात हजारांहून जास्त. त्यातले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले सत्तरच्या आसपास. म्हणजे सरासरी दोन-सव्वादोन वर्षांतून एक. आणि ही मान्यता काही खिरापतीसारखी वाटली जात नाही. १८८३ पासून तिथे वैद्यकीय कार्यालय आहे. कुठल्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा डॉक्टर तिथे जाऊन कागद तपासू शकतो. कसोट्या अठराव्या शतकात कार्डिनल लाम्बेर्तिनी यांनी, म्हणजे पुढच्या पोप चौदाव्या बेनेडिक्टनी, घालून दिलेल्या: आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं, आणि ते औषधाच्या खात्यावर जमा होता कामा नये. डॉक्टर फक्त एवढंच म्हणतात की आजच्या ज्ञानाने हे समजावता येत नाही. चमत्कार हा शब्द उच्चारायचा तो रोग्याच्या गावच्या बिशपने. लिव्हरपूलचा एक माजी सैनिक १९२३ साली तिथून बरा होऊन परतला. त्याची बरं होण्याची घटना चमत्कार म्हणून मान्य व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. आलेक्सी कारेल हा फ्रेंच डॉक्टर, ज्याला पुढे १९१२ चं नोबेल मिळालं, १९०२ साली रुग्णांच्या गाडीतून लूर्दला गेला आणि क्षयाने मरणाच्या दारात असलेली एक तरुणी तिथे सुधारताना त्याने स्वतः पाहिली. हे सांगितल्याबद्दल ल्योंच्या वैद्यकीय वर्तुळात त्याला त्रास सोसावा लागला. गंमत अशी की ती तरुणी चर्चच्या यादीत आजही नाही. आता सांगा, दोन वर्षांत एखादाच पावत असेल तर निव्वळ पावण्यासाठी एवढे लोक दीडशेहून अधिक वर्षं एवढ्या लांब कसे येत राहतील? पावत नाही म्हटल्यावर लोक देव बदलतात, हे आपल्याला काय कुणी शिकवायला हवं?

मग जातात कशाला? त्यासाठी लूर्दच्या गुहेपाशी १८५८ मध्ये नेमकं काय घडलं ते पाहावं लागतं, आणि वादात तेच कुणी पाहत नाही. जिला दर्शन झालं ती बर्नादेत सुबिरू चौदा वर्षांची होती. बाप पाणचक्कीवाला, धंदा बुडालेला. कैद्यांच्या प्रकृतीला बरी नाही म्हणून बंद केलेल्या जुन्या तुरुंगातल्या एका खोलीत सहा माणसांचं बिऱ्हाड. पोरीला दमा, लिहिता-वाचता येत नव्हतं, फ्रेंचसुद्धा धड येत नव्हती. ती गावची बोली बोलायची. ११ फेब्रुवारी १८५८ ला ती जळण गोळा करायला गेली आणि मासाबिएल नावाच्या खडकाच्या कपारीत तिला एक स्त्री दिसली. १६ जुलैपर्यंत अशी अठरा दर्शनं झाली. त्यातलं २५ फेब्रुवारीचं बारकाईने पाहा. शेकडो लोक जमलेले. त्या स्त्रीने झऱ्यावर जाऊन पाणी पी, हातपाय धू असं सांगितल्याचं बर्नादेत म्हणते, पण झरा कुठेच नाही. ती गुडघ्यांवर रांगत कपारीच्या तळाशी जाते, हाताने चिखल उकरते, गढूळ पाणी ओंजळीत घेते, तीनदा थुंकून टाकते, चौथ्यांदा कसंबसं गिळते, चिखल तोंडाला फासते आणि वर तिथलं गवत खाते. पाहणाऱ्यांनी ठरवलं, पोरीचं डोकं फिरलंय. सोबतच्या बायकांना मान वर करवेना. तोच झरा आज नळांतून वाहतो आणि लोक बाटल्या भरून नेतात. पण त्या सकाळी तिथे जे दिसलं ते वैभव नव्हतं. गावातल्या सगळ्यात गरीब घरातल्या पोरीची सगळ्या गावासमोर झालेली फजिती होती ती.

पोलिसांनी तिची उलटतपासणी केली. जूनमध्ये सरकारने फळ्या ठोकून गुहा बंद केली. ऑक्टोबरात बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने ती उघडली. गावचे फादर पेरामाल यांनी त्या बाईचं नाव विचारून ये म्हणून तिला दटावलं, तेव्हा २५ मार्चला ती ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे’ हे उत्तर घेऊन आली. विसरू नये म्हणून वाटभर ते शब्द पुटपुटत. मरिया आईच्या उदरात आल्या क्षणापासून मूळ पापापासून मुक्त होती, हा सिद्धान्त पोपने जाहीर केला होता १८५४ साली, चारच वर्षं आधी. भाविक म्हणतात, अडाणी पोरीला हे शब्द माहीत असणं शक्यच नाही, हाच पुरावा. शंकेखोर म्हणतात, चार वर्षं प्रवचनांतून कानावर पडलेलं पोरीच्या तोंडून बाहेर आलं. मला दुसरी शक्यता अजिबात अशक्य वाटत नाही. पण बर्नादेतच्या तोंडी जे वाक्य पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं, ते या दोघांच्याही पुढचं आहे: मला तुम्हाला सांगायचं काम दिलंय, तुम्हाला पटवायचं नाही. पैसे देऊ केले तर ती घेत नसे. गुहेत बसवलेली संगमरवरी मूर्ती पाहून ती खूश झाली नाही, आपण पाहिलं ते असं नव्हतं म्हणाली. १८६६ मध्ये ती नेव्हरच्या मठात गेली आणि लूर्दला परत आली नाही. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, क्षयाने गेली. ज्या झऱ्यावर जग लोटलं, त्याने जिच्या हाताने तो सापडला तिला बरं केलं नाही. पोर्तुगालमधल्या फातिमाचंही तसंच. १९१७ मध्ये दर्शन झालेल्या तीन पोरांपैकी फ्रांसिस्को आणि जासिंता ही भावंडं इन्फ्लुएन्झाच्या साथीत सापडली. एक १९१९ ला गेला, दुसरी १९२० ला. चमत्कारासाठीच हे सगळं असतं तर सुरुवात इथूनच व्हायला नको होती का?

आता बुद्धिवाद्यांचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. १३ ऑक्टोबर १९१७ ला फातिमाच्या माळावर हजारो लोकांना सूर्य फिरताना, खाली येताना दिसला. धर्माविरुद्ध लिहिणाऱ्या ‘ओ सेकुलो’ या लिस्बनच्या दैनिकाच्या बातमीदारानेही लोकांनी हे पाहिल्याचं छापलं, म्हणून भक्त त्याचा हवाला देतात. पण सूर्य खरोखर हलला असता तर तो एकट्या पोर्तुगालसाठी हलला नसता. एकाही वेधशाळेने तशी नोंद केलेली नाही, आणि त्याच माळावरच्या काहींना काहीच वेगळं दिसलं नाही. सूर्याकडे टक लावून पाहिलं की डोळे काय काय दाखवतात हेही ठाऊक आहे. बाजाराचंही खरं. लूर्दच्या गल्ल्यांत मरियामातेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मिळतात, टोपण म्हणजे निळा मुकुट. तो फिरवून काढायचा आणि पाणी भरायचं. भक्ती आणि अभिरुची यांचं सख्य नसतं, हे आपल्याही देवस्थानांबाहेरच्या दुकानांवरून कळतंच. राजकारणाचं तर विचारूच नका. फातिमाचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला झालेला उपयोग उघड आहे. १८७६ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीत, कॅथलिकांवर सरकारी वरवंटा फिरत असताना, मार्पिंगेन गावात तीन लहान मुलींनी दर्शनाचं सांगितलं, गर्दी उसळली, प्रशियाचं सैन्य आलं. त्यातल्या एकीने मोठेपणी हे सगळं खोटं होतं असं कबूल केलं.

एवढं सगळं मान्य करूनही लूर्दचा प्रश्न जागचा हलत नाही. औषध सोडून पाण्याच्या नादी लागणाऱ्याचं नुकसान होतं, हा सगळ्यात वजनदार आक्षेप. पण लूर्दला जाणाऱ्या रुग्णांच्या यात्रांबरोबर डॉक्टर आणि परिचारिका असतात; आणि तपासण्यांचे कागदच नसतील, तर वैद्यकीय कार्यालय दावा हातातसुद्धा धरत नाही. जिथे कुणी बाबा गोळ्या बंद करायला सांगतो तिथे त्याच्यावर खटला भरावा. त्यात कुणाच्या भावना दुखावत असतील तर खुशाल दुखवाव्यात. पण लूर्दच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलं तर दिसतं काय? निळ्या छताच्या, हाताने ओढायच्या गाड्यांची रांग. आत लकवा झालेले, मेंदूच्या विकाराने वाकडेतिकडे झालेले, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले. ओढणारे स्वखर्चाने आलेले: कुणी निवृत्त कारकून, कुणी कॉलेजचा पोरगा. मिरवणुकीत पुढे रुग्ण, धडधाकट मागे. ज्यांना एरवी इस्पितळाच्या वॉर्डात किंवा घराच्या मागच्या खोलीत ठेवलं जातं, ती माणसं इथे गावाच्या मधोमध, उजेडात, पाहुण्यांसारखी. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं यासाठी लोक आपली सुट्टी खर्च करतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतात. यातल्या बहुतेकांनी कधी चमत्कार पाहिलेला नाही. अंधश्रद्धा म्हणून हे निकालात काढायचं असेल तर निदान कशावरची श्रद्धा आंधळी आहे तेवढं सांगा.

प्रॉटेस्टंटांचा आक्षेप याहून खोल आहे, आणि माझ्या मते तोच खरा विरोधक. देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, तो ख्रिस्त, असं प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलंय. शोमरोनी बाईला येशूने सांगितलं की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही, खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करतील. मग लूर्दचा डोंगर कशाला? प्रॉटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन लुथर याने १५२० मध्ये लिहिलं की असली ठिकाणं सरळ पाडून टाकावीत. पण हा आक्षेप लुथरहून फार जुना आहे. चौथ्या शतकातच निस्साचा बिशप ग्रेगरी याने पत्र लिहून बजावलं की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. संत जेरोमने लिहिलं, स्वर्गाचं दार यरुशलेमातून उघडतं तसंच ब्रिटनमधूनही उघडतं. लिहिलं कुठून? बेथलेहेममधून, जिथे तो मुद्दाम जाऊन राहिला आणि तिथेच वारला. ‘तीर्थीं धोंडा पाणी’ म्हणणारे तुकोबा पंढरीची वाट सोडत नाहीत, तसंच हे. आणि नारायण वामन टिळकांसारखा मराठी ख्रिस्ती कवी, तोही प्रॉटेस्टंट, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगतो, तेव्हा ही कोंडी आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला परकी म्हणता येणार नाही. तीर्थाला नाव ठेवणारा आणि तीर्थाला जाणारा पुष्कळदा एकच असतो. त्यात दांभिकपणा नाही. देव सगळीकडे आहे हे त्याला मान्य असतं. पण स्वतःला तो सगळीकडून एकदम हलवू शकत नाही, त्यासाठी त्याला चालत कुठे तरी जावं लागतं.

शास्त्रवचनच हवं असेल तर राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढा. अरामचा सेनापती नामान याला कोड. त्याच्या बायकोकडे लढाईत पकडून आणलेली एक इस्राएली पोर होती, तिने सांगितलं म्हणून तो अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार असा निरोप धाडला. नामान भडकला: आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? अगदी हाच प्रश्न आज लूर्दच्या पाण्याबद्दल विचारतात. यार्देनेच्या पाण्यात औषध होतं असं शास्त्र म्हणत नाही. पण बरा होण्याआधी सेनापतीला एका दासीचं ऐकावं लागलं आणि चारचौघांसारखं नदीत उतरावं लागलं. परतताना तो दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून घेतो, आणि संदेष्टा त्याला मातीत काय आहे असं म्हणून हिणवत नाही. मरिया मध्यस्थाची जागा घेते हा धोका खराच. गावोगावी तिच्या मूर्तीपुढे मेणबत्त्यांची आरास आणि क्रूसापुढे अंधार असं चित्र मीही पाहिलंय. पण काना गावच्या लग्नात ती नोकरांना येशूबद्दल सांगते, तो सांगेल ते करा. आणि लूकच्या शुभवर्तमानात तिच्या तोंडी जे स्तोत्र आहे त्यात बलाढ्य सिंहासनावरून खाली येतात, दीन वर चढतात. चिखल खाणारी गिरणीवाल्याची पोर त्या स्तोत्राच्या बाहेरची नाही.

इंग्लंडचं वॉल्सिंगहॅम पाहा. १०६१ मध्ये रिशेल्डिस नावाच्या एका घरंदाज स्त्रीला दर्शन झालं आणि तिने येशूच्या नासरेथच्या घराची प्रतिकृती उभारली अशी कथा. डच विद्वान इरास्मस तिथे जाऊन आला आणि नंतर त्याने या सगळ्याची यथेच्छ टर उडवली. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या माणसांनी देवस्थान मोडलं, मूर्ती लंडनला नेऊन जाळली. जमीन गेली, उत्पन्न गेलं, साधू गेले. दर्शनाचा पुरावा म्हणाल तर तो आधीही नव्हता. सिद्धतेवर यात्रा चालते असं असेल तर हे गाव कायमचं संपायला हवं होतं. विसाव्या शतकात लोक परत आले, आणि एकट्या कॅथलिकांनी नव्हे, अँग्लिकनांनीही, म्हणजे हेन्रीने रोमपासून तोडलेल्या चर्चच्या लोकांनीही, तिथे आपलं देवस्थान बांधलं. ज्या चर्चने मूर्ती जाळली त्याच चर्चचे लोक आज तिथे अनवाणी चालतात. त्यांना कुणी पुरावा नेऊन दिला होता?

इथे माझ्यावरच उलटणारा प्रश्न आहे, तो टाळता येणार नाही. दर्शन खरं की खोटं याने फरक पडत नाही असं म्हणणं हा भाविकाचा अपमान नाही का? पडतो फरक. मेक्सिकोतल्या ग्वादालुपेचं उदाहरण घ्या. १५३१, आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडून दहा वर्षं. बाटवलेला, हरलेला हुआन दिएगो नावाचा नाहुआ जमातीचा माणूस, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारी सावळी मरिया, आणि तिची प्रतिमा उमटलेलं त्याचं पांघरूण. इतिहासकारांची अडचण अशी की ज्याला ते पांघरूण दाखवलं असं सांगतात त्या बिशप सुमार्रागाच्या हयातीतल्या लिखाणात या घटनेचा उल्लेख सापडत नाही आणि सविस्तर कथा छापली गेली ती सतराव्या शतकाच्या मध्यावर. सोळाव्या शतकातच सहागुन हा फ्रान्सिस्कन संन्यासी कुरकुरला की हे लोक मरियेच्या नावाखाली जुन्या तोनान्त्सिन देवीलाच भजतात. १९९६ मध्ये तर त्या बॅसिलिकाच्या मुख्य धर्मगुरूंनीच हुआन दिएगोच्या अस्तित्वावर शंका घेतली आणि त्यांना पद सोडावं लागलं. डिसेंबरातली गर्दी ओसरली नाही. भक्त आंधळे म्हणून? मला तसं वाटत नाही. जेत्यांच्या बिशपला एका हरलेल्या माणसाचं ऐकावं लागलं, ही त्या कथेची मागणी आहे आणि ती मागणी खोटी ठरवायला दफ्तरखान्यातला कागद पुरत नाही. १८१० मध्ये इदाल्गो या धर्मगुरूने स्पेनविरुद्ध बंड पुकारताना निशाणावर तिचंच चित्र घेतलं, ते उगीच नव्हे. तरीही मी म्हणेन, तपास व्हावा, कडक व्हावा. मार्पिंगेनला चर्चने कधीच मान्यता दिली नाही हे बरंच झालं. मार्पिंगेनला लोक पुढेही जात राहिले, हे माझ्या मुद्द्याला सोयीचं आहे की गैरसोयीचं, यावर माझं अजून ठरत नाही.

खुद्द रोमचं या बाबतीत आधीपासून एक धोरण आहे, आणि आपल्याकडचे दोन्ही पक्ष ते विसरतात. मान्यता मिळालेल्या दर्शनावरही विश्वास ठेवणं कॅथलिकाला बंधनकारक नाही. लूर्द खोटं मानूनही तो मिस्साला जाऊ शकतो, पाप लागत नाही. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले: यापुढे एखादी घटना दैवी आहे असं बिशप सहसा जाहीरच करणार नाहीत, फार तर, इथे जायला हरकत नाही, एवढं म्हणतील. त्याच सप्टेंबरात बोस्नियातल्या मेजुगोर्येला तसं पत्र मिळालं. तिथे १९८१ मध्ये, कम्युनिस्ट युगोस्लाव्हियात, सहा पोरांनी दर्शनाचं सांगितलं होतं. ते ज्यांच्या हद्दीत येतं ते मोस्तारचे दोन बिशप लागोपाठ विरोधात उभे राहिले, आयोगांवर आयोग बसले. शेवटी रोमने दर्शनाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि तिथे लोक पापनिवेदन करतात का, मोडलेली घरं सांधतात का, हे पाहून हरकत नाही म्हटलं. काही कॅथलिक पंडितांना ही पळवाट वाटते. असेलही थोडी. पण त्रेचाळीस वर्षं ज्यांचा निकाल लागला नाही ते प्रश्न सोडून, ज्यांची उत्तरं जागेवर जाऊन तपासता येतात असे प्रश्न रोमने निदान विचारले. आपल्याकडे मेणाच्या पायावरून भांडणाऱ्यांना तेवढंही अजून सुचलेलं नाही: जत्रेत आजाऱ्याला पुढे नेतात की रांगेत उभं करतात, दानपेटीचा हिशेब कोण पाहतं, नवस फेडायला आलेल्या बाईला औषध चालू ठेव असं सांगणारं तिथे कुणी आहे का.